बोट घेताना या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये समुद्र निवळला की माझ्याकडे हमखास विचारणा येते: "दादा, आठ माणसांची बोट घ्यायची आहे, कुठे बघू?" दिवाळीचा हंगाम तोंडावर असतो, कर्ज मंजूर झालेलं असतं आणि घाई असते. मी मालवणच्या पट्ट्यात फायबर बोटी आणि आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायची इंजिनं दुरुस्त करतो. दुरुस्तीला आलेल्या कितीतरी बोटींचं नुकसान समुद्रानं केलेलं नसतं, ते खरेदीच्या दिवशीच झालेलं असतं.

आपल्या बाजूला लहान फायबर बोटी गोव्यात नदीकाठच्या यार्डांत बनतात, कोकणातही ठिकठिकाणी शेडमध्ये साचे आहेत, आणि दक्षिणेला कोचीच्या परिसरात या धंद्याचा मोठा पसारा आहे. इंजिन मात्र यामाहा, सुझुकी, होंडा किंवा मर्क्युरी, म्हणजे जपानी नाहीतर अमेरिकन कंपनीचं. बाकीचं सामान पुष्कळदा मुंबईच्या बाजारातून येतं. या तीन जागच्या वस्तू एकमेकींशी जुळवतानाच बहुतेक चुका होतात.

तयार, चकचकीत बोट बघून पैसे देणं

बाहेरचा रंगीत थर म्हणजे जेलकोट. साच्यात तो सगळ्यात आधी मारतात, मग त्यावर मॅट आणि रोव्हिंग, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे थर, रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून बसवतात. जेलकोटची चमक साच्याच्या पॉलिशमुळे येते. आतलं काम कसं झालंय ते त्यावरून कळत नाही, आणि एकदा डेक, म्हणजे वरचा मजला बसला की आत बघताही येत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच अट घाला की 'डेक बसवायच्या आधी मी बघायला येणार'. मॅटमध्ये पांढरट, कोरडे पट्टे दिसले तर तिथे रेझिन मुरलेलंच नाही. भर पावसात उघड्या शेडमध्ये थर चढवून घेऊ नका, दमट हवेत काम नीट होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ट्रान्समवर घालवा. इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगतात तो हा भाग. देवबागची एक बोट माझ्याकडे आली होती, जेमतेम तीन हंगाम चाललेली. तक्रार एवढीच की वेगात मागचा भाग थरथरतो. इंजिन वर उचललं आणि खालच्या टोकावर हातानं दाब दिला, तर ट्रान्सम डोळ्यांना दिसेल इतका वाकला. बोल्ट काढल्यावर भोकांतून चहाच्या रंगाचं पाणी गळायला लागलं. आतलं प्लायवूड भिजवलेल्या पोह्यांसारखं झालं होतं, बोटानं उकरून निघत होतं. साधं प्लायवूड घातलेलं आणि बोल्टच्या भोकांना पाणी अडवणारं सीलंट नाही. मालकाचा अख्खा डिसेंबर गेला. तेव्हा प्लायवूड झाकलं जाण्याआधी त्यावरचा आयएस ७१० हा मरीन ग्रेडचा शिक्का स्वतः बघा. जुनी बोट घेताना तीच दाबायची परीक्षा करा आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं ट्रान्सम ठोकत जा. टणक आवाज बदलून भद्द झाला की तिथे थांबा.

शाफ्ट न मोजता इंजिन घेणं

शाफ्ट म्हणजे इंजिनाचा पाण्यात जाणारा उभा पाय. आउटबोर्ड साधारण १५, २० आणि २५ इंच उंचीच्या ट्रान्समसाठी येतात. स्वस्तात मिळालं म्हणून इंजिन आधी आणि बोट नंतर, असं करू नका. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं, बोट पुढे सरकत नाही. लोक मग पंखेच बदलत बसतात. आधी टेप लावून मोजा. शाफ्ट गरजेपेक्षा लांब असेल तर खाडीच्या तोंडावरच्या वाळूत पंखा घासतो.

थंड पाण्याची धार कमी झाली तरी चालवत राहणं

इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की इंजिन लगेच बंद करा. आधी धारेचं भोक पातळ तारेनं साफ करा, मग खालच्या जाळीत प्लास्टिक अडकलंय का बघा. तरीही धार सुधारली नाही तर इंपेलर, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र, गेला. वाळूच्या पाण्यात तो लवकर झिजतो, आणि कोरडं इंजिन सुरू केलं तर काही क्षणांत जळतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज गोड्या पाण्यानं इंजिन धुवा.

गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. पंखा काढून बघा, मागे तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, गुंडाळलेला सापडतो बऱ्याचदा. तोच पाणी अडवणारं सील कापतो.

तापोळ्याला शिवसागर जलाशयाच्या गोड्या पाण्यात चाललेली बोट समुद्रात आणत असाल तर गंज रोखणारे धातूचे ठोकळे तपासा. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे लावतात, ते खाऱ्या पाण्यात भराभर संपतात. समुद्राला झिंकचे हवेत, आणि त्यांवर रंग मारायचा नाही. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे उत्तम स्टील, हीही गैरसमजूत. ३०४ आणि ३१६ या स्टेनलेस स्टीलच्या दोन्ही प्रतींना तो बहुधा चिकटत नाही, पण खाऱ्या हवेत टिकतं ३१६.

कागद नंतर बघू म्हणणं

नोंदणी महाराष्ट्रात सागरी मंडळाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. बोट बांधल्याचा दाखला आणि नकाशे हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

लाइफ जॅकेट वजनावर घेणं

मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातच्या अलंगच्या बाजारात तोडलेल्या जहाजांची जॅकेटं स्वस्त मिळतात, पाठीवर जहाजाचं नाव तसंच असतं. शिलाई उन्हानं कुजलेली असते, पट्टा ओढला की हातात येतो. जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात; ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. न पोहणाऱ्या पर्यटकाला निदान १०० न्यूटनचं द्या. लहान मुलांसाठी वेगळ्या मापाचं आणि पायांमधून पट्टा असलेलं घ्या. हंगामाआधी प्रत्येक जॅकेट अंगात घालून कंबरभर पाण्यात पाय उचला. जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं तर ते माप त्या माणसाला देऊ नका.