काळी पडलेली केळी फेकू नका, बनाना ब्रेड करा (बिनअंड्याचा, कणकेचा)

गणपती झाले, सत्यनारायण झाला, नाहीतर कुणाची एकादशी असली की घरात केळी उरणार हे ठरलेलंच, त्यात शेजारून प्रसादाची आलेली दोन-चार वेगळी. आमच्याकडे सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये चौघं माणसं, सकाळी एकेक खाल्लं तरी डझनातली शेवटची चार-पाच काळी पडतातच आणि मग त्यांच्याकडे कुणी बघत नाही. शिकरण करावं तर ती इतकी मऊ झालेली असतात की चकत्याच पडत नाहीत, नुसता लगदा होतो. मला विचाराल तर शिकरणाला ठिपकेवालं केळं आणि बनाना ब्रेडला काळं केळं, ही वाटणी एकदा डोक्यात बसली की घरातलं एकही केळं वाया जात नाही.

नावात ब्रेड असला तरी हा पावासारखा नसतो हे आधी सांगते, कारण माझ्या आईने पहिला घास खाल्ल्यावर विचारलं होतं की अगं हा तर केकच आहे, ब्रेड कुठे आहे यात? तर यात यीस्ट नाही, मळणं नाही, फुगायला ठेवणं नाही, सोड्यावर फुगतो आणि लांबट टिनमध्ये भाजून पावासारख्या स्लाइस कापतात म्हणून ब्रेड म्हणायचं. अमेरिकेत १९३० च्या दशकात घरोघरी बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर आलेली होती आणि मंदीमुळे काहीच टाकून द्यायचं नाही अशी वेळ होती, तेव्हा तिकडच्या पाककृतींच्या पुस्तकांत हा दिसायला लागला. आपल्याकडे बऱ्याच जणांनी तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा केला, मीही तेव्हाच.

आता केळं किती काळं हवं? इथेच सगळे घाई करतात. सालीवर नुसते ठिपके आलेत, आतून केळं अजून घट्ट आहे आणि करायला घेतलं, की ब्रेड फिका लागतो आणि मग साखर वाढवत बसावं लागतं. हिरव्या केळ्याच्या गरात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होत जाते आणि पूर्ण पिकल्यावर एक-दोन टक्केच स्टार्च उरतो. म्हणजे गोडी आणि तो दरवळणारा वास दोन्ही थांबल्यानेच येतात. साल निम्म्याहून जास्त काळी, देठ सुकलेलं, हातात घेतलं की बोट रुतेल इतकं मऊ, असं झालं की ते तयार. ओव्हनमध्ये ठेवून केळी घाईने काळी करायची युक्ती लोक सांगतात, मी करून बघितली, साल काळी होते आणि गर मऊ होतो पण गोडी त्या मानाने येत नाही. त्यापेक्षा एखाद्या सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत गुंडाळून ठेवा, फळांमधून निघणारा इथिलीन वायू पिशवीत कोंडतो आणि केळी लवकर पिकतात. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्यालाही दोन-तीन दिवस लागतात, उन्हाळ्यात मात्र रोज बघावं लागतं. आणि काळं म्हणजे कुजलेलं नव्हे बरं का, देठाशी बुरशी आली असेल, पाणी गळत असेल, आंबूस दारूसारखा वास मारत असेल तर ते केळं सरळ ओल्या कचऱ्यात टाकायचं, त्यात हळहळ नको.

करायला वेळ नसेल तर सोलून, डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका. सालीसकट टाकलीत तर नंतर सोलताना हात गारठतात आणि गर सालीलाच चिकटून जातो. बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटतं, ते ओतून देऊ नका, सगळी गोडी त्यातच उतरलेली असते, लगद्यातच मिसळा.

दुसरी गोष्ट, आणि माझे पहिले दोन ब्रेड यामुळेच बिघडले, ती म्हणजे केळी मोजू नका, वजन करा. बाहेरच्या रेसिपीत तीन केळी लिहिलेलं असतं, पण तिकडचं एक केळं सोलून शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतं. आपल्याकडे गाडीवर कधी जळगावची लांब मोठी केळी मिळतात, कधी त्याच भावात लहानखुरी, आणि वेलची केळी असतील तर ती आणखीच छोटी. मी तीन छोटी केळी घातली आणि ब्रेड इतका कोरडा झाला की चहात बुडवून संपवावा लागला. तेव्हापासून सोललेल्या केळ्यांचा लगदा ३०० ग्रॅम, हे माप. वजनकाटा नसेल तर मापाचा २४० मिलीचा कप भरून आणि वर पाव कप, चहाचा कप नव्हे.

बाकी साहित्य असं. कणिक २०० ग्रॅम, म्हणजे दीड कपाच्या किंचित वर, चाळून घेतलेली. साखर १०० ग्रॅम, केळी खूपच काळी असतील तर ८० ग्रॅमही पुरते. तेल ८० मिली, म्हणजे कपाचा एक तृतीयांश भाग, सूर्यफुलाचं किंवा कुठलंही बिनवासाचं, शेंगदाण्याचं फिल्टर तेल नको कारण त्याचा वास केळ्यावर चढतो. दही पाव कप, ताजं, फार आंबट नको. बेकिंग सोडा पाऊण छोटा चमचा, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. दालचिनी पूड अर्धा चमचा, आवडत असेल तर थोडं जायफळ किसून, माझ्या मते व्हॅनिलापेक्षा जायफळच केळ्याला जास्त शोभतं. मूठभर अक्रोड. तेलाऐवजी अमूल बटर वितळवून घालणार असाल तर वेगळं मीठ नको, ते खारट असतंच. अंडं चालत असेल तर दह्याऐवजी एक मोठं अंडं घाला, ब्रेड जरा जास्त हलका होतो, पण आमच्याकडे सासूबाई खात नाहीत आणि दह्याचा खाऊन कुणाला अंड्याची आठवण आलेली नाही.

कणिकच का, मैदा का नाही? मैद्याचा दिसायला छान होतो, पण केळ्याबरोबर मला कणकेचीच चव आवडते, भाजल्यावर तिला एक खमंगपणा येतो. फक्त चक्कीवरची कणिक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, म्हणून मैद्याच्या रेसिपीत सरळ कणिक घातलीत की पीठ घट्ट होतं. वर दिलेलं माप कणकेचंच आहे, पूर्ण मैदा घेणार असाल तर दही दोन चमचे कमी करा. पहिल्यांदाच करताय तर निम्मी कणिक निम्मा मैदा घ्या, हमखास जमतं.

टिन साधारण ८ इंच लांब आणि ४ इंच रुंद. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला गेलात तर केकची भांडी घेता येतात, अॅल्युमिनियमचा साधा टिन मस्त चालतो, महागाचा नॉनस्टिक घ्यायची काही गरज नाही. आतून तेल लावून बटर पेपर असा घाला की दोन बाजूंनी वर येईल, म्हणजे नंतर धरून उचलता येतो.

आता कृती. आधी ओव्हन १७० अंशावर तापायला ठेवा, हे पहिलं काम, कारण सोडा ओल्या मिश्रणात पडला की दही आणि केळ्याच्या आंबटपणाशी लगेच त्याचे बुडबुडे व्हायला लागतात आणि तुम्ही नंतर ओव्हन तापायची वाट बघत बसलात तर निम्मी फूग तिथेच जाते. केळी एका मोठ्या पातेल्यात काट्याने नाहीतर पावभाजीच्या मॅशरने कुस्करा, मिक्सर नको, थोडे बारीक तुकडे राहू देत, भाजल्यावर तेच गोड लागतात. त्यावर साखर घालून दहा मिनिटं झाकून ठेवा. आपली साखर जाड दाण्याची असते, तेलात ती विरघळत नाही आणि मग खाताना दाताखाली येते, पण केळ्याला सुटलेल्या पाण्यात ती छान विरघळून पाक होतो, पिठीसाखर करत बसायला नको. गूळ वापरायचा असेल तर बारीक चिरून असाच केळ्यात मुरवा, रंग गडद येतो आणि चव फार सुंदर लागते. मग तेल आणि दही घालून चांगलं फेटून घ्या, या टप्प्यावर कितीही फेटलं तरी चालतं.

दुसऱ्या भांड्यात कणिक, सोडा, बेकिंग पावडर, मीठ, दालचिनी एकत्र करून दोनदा चाळा, सोड्याची गुठळी राहिली तर त्या घासाला कडू साबणासारखी चव येते. हे कोरडं मिश्रण ओल्यात घाला आणि इथून पुढे हात आवरायचा! कालथ्याने खालून वर, खालून वर, पंधरा-वीस वेळा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, चार गुठळ्या राहिल्या तर राहू देत. भज्याच्या पिठासारखं घोटत बसलात तर कणकेतलं ग्लुटेन ताणलं जातं आणि ब्रेड रबरासारखा चिवट होतो, मध्ये लांब बोगद्यासारखी भोकं पडतात. शेवटी अक्रोड चमचाभर कणकेत घोळवून घाला म्हणजे तळाशी बसणार नाहीत. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा जाड हवं, कालथ्यावरून एकदम ओघळू नये, जड जड पडावं.

टिन मधल्या जाळीवर, ओटीजीचे (म्हणजे घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनचे) खालचे वरचे दोन्ही रॉड चालू, ५० ते ६० मिनिटं. लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो आणि ३५ मिनिटांतच वरची बाजू लाल होते, आतून कच्चाच असतो, तेव्हा फॉइल वरून सैल टाका आणि भाजू द्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर पंख्यामुळे आच जास्त लागते, १६० ठेवा. पहिली ३५ मिनिटं दार उघडू नका, मध्येच गार हवा शिरली की फुगलेला भाग खाली बसतो. आणि पुण्यात असाल तर गुरुवारी नका करू, दुरुस्तीसाठी लाईट बहुतेक गुरुवारीच जाते. माझा एकदा विसाव्या मिनिटाला अडकला, दीड तासाने लाईट आली तेव्हा मध्ये चिकट लगदा होऊन बसला होता, परत भाजूनही तो सुधारला नाही.

ओव्हन नसेल तरी होतो. जाड बुडाची मोठी कढई घ्या, तळाला वाटीभर जाडं मीठ, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग टिन ठेवून मंद आचेवर ५५ ते ६५ मिनिटं. लांबट टिन कढईत मावत नसेल तर ७ इंची गोल डबा घ्या. कुकरमध्ये करणार असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायची, आत पाणी अजिबात नाही, आणि त्यासाठी जुना कुकरच वापरा कारण असा कोरडा तापवून तापवून तो खराब होतो. यात वरची बाजू ओव्हनसारखी तांबूस होत नाही, पण आतून तितकाच मऊ होतो.

झालाय का बघायला सुरी अगदी मध्यभागी तळापर्यंत खुपसा. एक-दोन ओलसर कण चिकटले तर चालतील, चिकट पीठ आलं तर अजून दहा मिनिटं. सुरी केळ्याच्या तुकड्यात गेली तर ओली येतेच, म्हणून दोन ठिकाणी बघा. वर मध्ये लांब चीर पडली तर घाबरू नका, ती पडायलाच हवी.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं टिनमध्ये, मग कागद धरून उचला आणि जाळीवर ठेवा, पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. हे सांगणं सोपं आहे, घरभर वास सुटलेला असतो आणि मुलं ओट्याशी उभी असतात, पण गरम असताना आतला स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो, सुरी लावली की चुरा होतो आणि स्लाइस चिकट लागते. मी संध्याकाळी करते आणि रात्री गार झाला की डब्यात भरून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी तो जास्त ओलसर आणि जास्त गोड लागतो, केळ्याचा वास सगळीकडे मुरलेला असतो.

मध्येच खचला तर एकतर कच्चा काढलाय किंवा सोडा जास्त झालाय. खाली ओली दाट पट्टी आली तर केळी जास्त झाली. एवढं बघितलं की पुढच्या वेळी सुधारतो.

बाहेर हिवाळ्यात तीन दिवस टिकतो, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दीड-दोन दिवसांच्या वर ठेवू नका, जुलैच्या दमट हवेत बुरशी फार पटकन धरतो. फ्रीजमध्ये आठवडा जातो पण घट्ट होतो, तेव्हा जाड स्लाइस कापून तव्यावर थोडं घरचं लोणी टाकून दोन्ही बाजूंनी लाल करून घ्या, कडा कुरकुरीत होतात आणि आतून पुन्हा मऊ पडतो. आमच्याकडे आता चारच्या चहाला हाच लागतो, आणि सासूबाई केळी घेताना गाडीवाल्याला सांगून दोन जास्तीची पिकलेली मागून आणतात.