जुनी पेन्शन की नवी: महापालिका कर्मचाऱ्याने हा वाद स्वतःच्या कागदांवर कसा पडताळावा

मार्च 2023 मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला, तेव्हा ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा ठाण्यात आणि नवी मुंबईतही घुमली. महापालिकेचा कर्मचारी मात्र राज्य शासनाचा कर्मचारी नसतो. त्याच्या निवृत्तिवेतनाचा भार पालिकेच्या तिजोरीवर पडतो, त्यामुळे मंत्रालयात झालेला निर्णय त्याला आपोआप लागू झाला असे धरून चालू नये. पुढील पडताळणी प्रत्येकाने स्वतः करावी. संघटनेच्या सभेला जाण्यापूर्वी केली तर अधिक चांगले.

सुरुवात सेवापुस्तकातील नियुक्तीच्या तारखेपासून करावी. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना राज्याने परिभाषित अंशदान योजना, म्हणजे कर्मचारी आणि नियोक्ता दोघांनी दरमहा ठरावीक हिस्सा भरायची योजना, लागू केली आणि तीच पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ‘नव्या पेन्शन’मध्ये, विलीन झाली. मुंबई महापालिकेने मात्र 5 मे 2008 ही तारीख धरली, म्हणून शेजारच्या शहरातल्या मित्राचा दाखला आपल्या कामाचा नाही. नियुक्तीच्या तारखेइतकीच भरतीच्या जाहिरातीची तारीखही महत्त्वाची आहे. जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, पण रुजू होणे त्यानंतरचे, अशा राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा एकवेळचा पर्याय देण्याचे राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2024 मध्ये ठरवले. आपण या गटात मोडत असाल, तर जाहिरातीचे कात्रण किंवा तिची प्रमाणित प्रत आजच शोधून ठेवावी, कारण वीस वर्षांपूर्वीचे कागद आस्थापना विभागात सहजासहजी सापडत नाहीत.

त्यानंतर शासन निर्णयाचा मजकूर शेवटपर्यंत वाचावा. तो स्थानिक स्वराज्य संस्थांना थेट लागू आहे की संस्थेने वेगळा ठराव करावयाचा आहे, हे बहुधा अखेरच्या परिच्छेदांत कळते. ठराव शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून लोकनियुक्त सभागृह नव्हते, त्यामुळे 2024 सालचा निर्णय महासभेच्या कार्यवृत्तात नव्हे, तर प्रशासकीय ठरावांत शोधावा लागतो. ठराव मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते.

आता आकडेमोड, आणि बहुतेक भाषणे घसरतात ती इथेच. समजा, निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन 60,000 रुपये आहे. जुन्या योजनेत पूर्ण निवृत्तिवेतन म्हणजे त्याचे निम्मे, 30,000 रुपये, आणि त्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता. नव्या योजनेत खात्यावर 50 लाख जमले असे धरू. त्यातील किमान 40 टक्के, म्हणजे 20 लाख, ॲन्युइटीत, म्हणजे एकरकमी पैसे भरून दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या विमा योजनेत, गुंतवावे लागतात; सहा टक्के दर गृहीत धरला तर महिना 10,000 रुपये येतात. ‘तीस हजारांच्या जागी दहा हजार’ हे वाक्य इथून जन्मते. ते अर्धवट आहे, कारण हातात आलेले 30 लाख त्यात मोजलेलेच नाहीत. तेही सहा टक्क्यांनी गुंतवले तर एकूण 25,000 होतात. उलट बाजूने विचार केला, तर जुन्या योजनेतील सहकाऱ्याचा भविष्य निर्वाह निधी त्याला वेगळा मिळतो, तर नव्या योजनेतील कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेले 10 टक्के त्या 50 लाखांतच गेलेले असतात. शिवाय नेहमीच्या ॲन्युइटीला महागाई भत्ता नसतो. माझ्या मते खरे अंतर पहिल्या महिन्याच्या रकमेत नसून पंधराव्या वर्षीच्या रकमेत आहे, म्हणून तुलना त्या वर्षापर्यंत वाढवून मांडावी.

तिसरा पर्यायही तपासावा. केंद्राने 24 ऑगस्ट 2024 रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचे ठरवले. केंद्राच्या योजनेत 25 वर्षे सेवा झाल्यास अखेरच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि किमान 10 वर्षे सेवेस दरमहा 10,000 रुपये यांची हमी आहे; कर्मचाऱ्याचे 10 टक्के अंशदान मात्र चालूच राहते. पालिकेत तिचा पर्याय मागवला गेला, तर अर्जावर सही करण्यापूर्वी आतापर्यंत जमलेल्या रकमेचे काय होणार, हे लेखी विचारावे.

योजना कोणतीही असो, प्राण (PRAN) खात्याचा, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील आपल्या वैयक्तिक खात्याचा, उतारा पगारपत्रकाशी महिनावार जुळवावा. मी हे प्रथम केले तेव्हा पगारातून कापलेले चार महिन्यांचे अंशदान खात्यावर दिसत नव्हते. अर्ज केल्यावर ते जमा झाले, पण मधल्या काळातील परतावा गेला तो गेलाच. नियोक्त्याचा हिस्सा 10 की 14 टक्के जमा होतो, हेही त्याच वेळी पाहावे. राज्याने आपला हिस्सा एप्रिल 2019 पासून 14 टक्के केला आहे.

अखेर पालिकेचे अंदाजपत्रक उघडावे, कारण जुनी पेन्शन मागताना ती कोणत्या पैशातून मिळणार, हा प्रश्न विचारला जाणारच. जकात आणि उपकर गेल्यापासून उत्पन्नाचा मोठा भाग राज्याकडून येणाऱ्या वस्तू व सेवा कराच्या अनुदानावर अवलंबून आहे. विकास शुल्क बांधकामांच्या तेजी-मंदीप्रमाणे वरखाली होते. आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट राज्याने घातलेली आहे. पालिका सांगते त्या टक्क्यांत निवृत्तिवेतन धरले आहे की नाही, हे लेखाशीर्ष पाहूनच ठरवावे. निवृत्तिवेतनासाठी वेगळा निधी आहे का आणि गेल्या पाच वर्षांत त्यात प्रत्यक्ष किती रक्कम टाकली गेली, हे दोन आकडे लेखा विभागाकडून लेखी मागवून मगच संघटनेच्या निवेदनाचा मसुदा करावा.