नागपुरात राहून जुनी हिब्रू पुस्तकं, पोथ्या आणि ज्यू धर्मविधींच्या वस्तू जमवायच्या तर

या छंदाची सुरुवात बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून करतात. 1501 पूर्वी छापलेलं हिब्रू पुस्तक हवं, व्हेनिसच्या डॅनिएल बॉम्बर्गने 1523 पर्यंत छापून पूर्ण केलेल्या तालमुदाचा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाचा, एखादा खंड हवा, असं मनाशी धरून ते लिलावांच्या याद्या चाळत बसतात. त्या बाजारात तग धरणारी गंगाजळी वेगळीच असते. मे 2023 मध्ये न्यूयॉर्कला ‘कोडेक्स ससून’ ही बायबलची हस्तलिखित प्रत 3 कोटी 81 लाख डॉलरला गेली. तिला ज्याचं नाव मिळालं तो संग्राहक डेव्हिड सॉलोमन ससून 1880 साली मुंबईत जन्मला होता, आणि त्यालाही घरचा पैसा आणि आयुष्यभराचा वेळ होता.

मराठी माणसाने आधी मराठी-हिब्रू छपाई धरावी. कोकणातून मुंबई-पुण्यात आलेल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकात प्रार्थनापुस्तकं आणि वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ‘हगादा’ ही पुस्तकं हिब्रू मजकुरासोबत मराठी भाषांतर देऊन छापले. मुंबईचा 1846 चा हगादा आणि पुण्याचा 1874 चा सचित्र हगादा हे त्यातले सर्वांत नावाजलेले. दोन्ही शिळाछापाचे, म्हणजे टाइप न जुळवता दगडावर लिहून छापलेले. पुण्याच्या हगाद्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्यासारख्या जमिनीवर बसून कामाला लागलेल्या दिसतात. या पुस्तकांचा अर्धा मजकूर आपण डिक्शनरीशिवाय वाचू शकतो, आणि न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यापुढे आपली जमेची बाजू एवढीच असते.

हातात पुस्तक आलं की

पुस्तक उजवीकडून उघडा. मराठी पुस्तकाच्या सवयीने डावीकडून उघडलंत तर शेवटचं पान पहिलं समजाल आणि ‘मुखपृष्ठ फाटलंय’ म्हणून चांगली प्रत परत कराल.

मग साल काढा. हिब्रूत साल अक्षरांनी लिहितात आणि प्रत्येक अक्षराला किंमत असते: अलेफ 1, योद 10, लामेद 30, कोफ 100, रेश 200, शिन 300, तव 400. बावीस अक्षरं आणि त्यांच्या किमती पाठ करणं आठवडाभराचं काम आहे, ते टाळू नका. बहुतेक पुस्तकांत हजाराचा आकडा गाळलेला असतो. तव, रेश, लामेद, दालेद यांची बेरीज 400 + 200 + 30 + 4 = 634. त्यात 1240 मिळवले की 1874. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, म्हणून वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत छापलेलं पुस्तक इसवी सनाच्या हिशेबात एक वर्ष आधीचं निघतं. मुखपृष्ठावर शकही दिला असेल तर त्यात 78 मिळवून ताळा करा. 1796 शक आणि 634 हे एकाच सालावर येतात. दोन्ही आकड्यांत दोन-तीन वर्षांचा फरक येत असेल तर मुखपृष्ठाबद्दल शंका धरा.

जुन्या युरोपीय पुस्तकांत साल एखाद्या बायबलमधल्या वाक्यात लपवलेलं असतं. त्या वाक्यातली मोठी किंवा वर टिंब दिलेली अक्षरंच मोजायची. सगळी मोजलीत तर साल भलत्याच शतकात जाऊन पडतं.

गावाच्या नावावरही एकदम विश्वास टाकू नका. हिब्रू मुखपृष्ठांवर ‘अ‍ॅमस्टरडॅम’ हे नाव ठळक आणि त्याच्या आधी बारीक टायपात ‘च्या अक्षरांनी’ अशा अर्थाचे शब्द असतात. टाइप अ‍ॅमस्टरडॅमच्या वळणाचा, छापखाना दुसऱ्याच गावी. बारीक शब्द आधी वाचावेत, गाव मग.

पानं पूर्ण आहेत का हे आकड्यांवर ठरवू नका. जुन्या हिब्रू पुस्तकांत बहुधा पृष्ठाला नव्हे, पानाला क्रमांक असतो, म्हणजे एका क्रमांकाला दोन बाजू. खात्रीचा मार्ग म्हणजे तळाशी डावीकडे छापलेला एकटा शब्द: तो पुढच्या बाजूच्या पहिल्या शब्दाशी जुळला पाहिजे. दोनशे पानांचं पुस्तक असं तपासायला तास-दीड तास लागतो. विकणारा घाई करत असेल तर पुस्तक तिथेच ठेवा.

शिळाछाप की नंतरची प्रतिकृती, हे दहा पट भिंगाने आणि अतिनील टॉर्चने कळतं. पुणे हगाद्याची प्रतिकृती 1968 मध्ये न्यूयॉर्कला निघाली होती, म्हणून हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. टायपाने छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं तर अक्षरांचा दाब लागतो, शिळाछापात तो लागत नाही. भिंगाखाली शाईच्या जागी ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई. जाळी नसेल तरी खोली अंधारी करून टॉर्च मारा. 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत उजळपणासाठी रसायन असतं, ते निळसर-पांढरं चमकतं. जुना चिंध्यांचा कागद मंद, पिवळसर राहतो.

आतल्या कोऱ्या पानांवर पेनकर, दिवेकर, नवगावकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली आडनावं, मुलांच्या जन्माच्या नोंदी, क्वचित मोडी अक्षरं दिसली तर ती खोडू नका, की ‘स्वच्छ प्रत’ म्हणून दुसरी शोधत बसू नका. मालकीची साखळी त्यातूनच बांधता येते. मोडी वाचणारे नागपुरात मिळतात. फोटो पाठवून वाचून घ्या, पुस्तक पाठवू नका.

सेफेर तोरा, एस्तेरची गुंडाळी आणि चामड्यावरचे तुकडे

फसवणूक सर्वांत जास्त इथे होते. सोनेरी दिवा, तारा, पक्षी काढलेली काळपट चामड्याची ‘हजार वर्षं जुनी हिब्रू पोथी’ कुणी दाखवली तर चहा पिऊन निघा. सेफेर तोरा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची हस्तलिखित गुंडाळी. तिच्यात चित्रं नसतात, स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हंही नसतात.

खरी गुंडाळी तपासायला हिब्रू पूर्ण यायलाच हवं असं नाही. टॉर्च चामड्याला जवळजवळ समांतर धरा. प्रत्येक ओळीच्या वर शाईशिवाय, टोकदार हत्याराने ओढलेली रेघ सावलीत उठून दिसली पाहिजे, कारण लेखनिक आधी ओळी आखतो आणि अक्षरं त्या रेघेला टांगल्यासारखी लिहितो. रेघच नसेल तर तो धर्मविधीसाठी लिहिलेला तुकडा नव्हे. तुकडे एकमेकांना जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने शिवलेले असतात. नायलॉन किंवा सुती दोरा म्हणजे नंतरची डागडुजी, किंवा त्याहून वाईट. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातलं समुद्राचं गीत विटांच्या भिंतीसारखं, मध्ये मोकळ्या जागा सोडून मांडलेलं असतं. ही मांडणी ओळखायला वाचता यावं लागत नाही. एस्तेरच्या गुंडाळीत, म्हणजे बायबलमधल्या एस्तेरच्या गोष्टीच्या हस्तलिखितात, खलनायक हामानच्या दहा मुलांची नावं दोन उभ्या रांगांत असतात.

ज्यू घराच्या दाराच्या चौकटीवर लावतात त्या मेझुझा नावाच्या डबीतला चामड्याचा पट्टा साधारण 22 ओळींचा असतो. फोटोकॉपी केलेले कागदी पट्टेही विकले जातात, तेव्हा डबी कितीही जुनी असली तरी आतलं बाहेर काढून बघा.

अक्षरांना बोट लावू नका. जुनी शाई खपल्यांनी सुटते आणि त्वचेचं तेल तिला सोडवतं. ओला कापूस, खोडरबर, ‘थोडं ग्लिसरीन’ यांपैकी काहीही नको. लॅमिनेशन तर नकोच.

चांदी आणि पितळ

तोराच्या दांड्यांवरची घुंगरांची जोडी, वाचताना ओळीवर फिरवायचा हाताच्या आकाराचा दर्शक, तोराची लाकडी किंवा चांदीने मढवलेली उभी पेटी, हनुक्का सणाचा दिवा, मसाल्याची डबी, किद्दुशचा, म्हणजे द्राक्षरसावर म्हणायच्या आशीर्वादाचा पेला. यांत जोडजाड फार. चमच्याच्या दांड्याला हात डकवून दर्शक बनवलेला असतो, दिव्याची पाठ दुसऱ्याच वस्तूची असते. डाखाच्या जागी रंग वेगळा दिसतो. नखाने नाही, भिंगाने बघा.

वस्तू इतवारीच्या सराफ्यात नेऊन मशीनवर टंच काढून घ्या. कसोटीवर घासू देऊ नका आणि ‘जरा उजळून देतो’ म्हटलं तर हात जोडा. मग टंच आणि शिक्का यांचा मेळ घाला. रशियन साम्राज्याच्या वस्तूवर 84 म्हणजे हजारात 875. मशीन 925 दाखवत असेल आणि शिक्का 84 असेल, तर नव्या चांदीवर जुना शिक्का बसवला असण्याची शक्यता धरा. जर्मनीत 1888 पासून चंद्रकोर, मुकुट आणि 800 असा शिक्का होता. ठोकलेला शिक्का कडांना तीक्ष्ण असतो. अस्सल वस्तूचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत शिक्काही ओतलेला, म्हणजे साबणासारखा गुळगुळीत. कोरलेली नावं बघताना अक्षराच्या खाचेत काळेपणा आहे का ते पाहा. आजूबाजूला काळसर थर आणि खाच मात्र लख्ख असेल तर नाव गेल्या काही वर्षांत कोरलेलं आहे.

नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

पुणे-मुंबईच्या सल्ल्यावर इथे कपाट लावलंत तर पहिल्या वर्षीच नुकसान दिसेल. तिकडे शत्रू दमटपणा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा कोरडी ठणठणीत होते, आर्द्रता वीस टक्क्यांखाली जाते. मग कोणीतरी कूलर लावतं आणि तासाभरात खोली साठ-सत्तर टक्क्यांवर. रात्री कूलर बंद, पुन्हा खाली. चामडं पाणी ओढून फुगतं, सोडून आकसतं, आणि लांबी-रुंदीत सारखं आकसत नाही. पृष्ठभाग लाटांसारखा उठतो आणि त्यावरची ताठ शाई तडकते. कायम कोरडी किंवा कायम थोडी दमट खोली या हेलकाव्यांपेक्षा बरी.

म्हणून संग्रह कूलरच्या खोलीत ठेवू नका. घराच्या मधल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला न टेकता, जमिनीपासून वीतभर उंच स्टीलचं कपाट ठेवा. आत प्रत्येक वस्तू आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, आणि पेटी झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात. डबा आम्लरहित कागदाने भरलेला असला की बाहेरचे चढउतार आत उशिरा आणि कमी पोचतात. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. 45 ते 55 टक्के हवेत. त्याहून महत्त्वाचं, दिवसभरात आकडा पाचपेक्षा जास्त हलता कामा नये.

सिलिका जेल उन्हाळ्यात काढून टाका. हवा आधीच कोरडी असताना ते चामड्यातलं उरलंसुरलं पाणीही ओढतं. जून संपता संपता परत घाला, दहा लिटरच्या डब्याला साधारण 100 ग्रॅम, कापडी पुरचुंडीत. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात आकडा 65 च्या वर काही दिवस राहिला तर बुरशी धरते.

गुंडाळायला लाल कापड नको, रंग सुटतो. मांजरपाट घ्या, पण गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन खळ पूर्ण काढा, कारण कसर खळीवर येते आणि मग कागदाकडे वळते. कागदी पुस्तकात कीड दिसली तर ते प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं. चामड्यावरच्या लिखाणाला किंवा रंगवलेल्या पानांना हा उपाय करू नका. चांदीच्या डब्यात रबर बँड, लोकर, वर्तमानपत्र काही नको, ती काळी पडते.

परदेशातून किंवा मुंबईहून पार्सल मागवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात बंद ट्रकमध्ये उभा राहिलेला डबा म्हणजे भट्टीच.

कागदपत्रं

1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरते, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेल्या हस्तलिखिताला 75 वर्षं पुरतात. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही. विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे परवाना हवा. चित्रं असलेली हस्तलिखितं नोंदणीच्या यादीत येतात, म्हणून हाताने रंगवलेला केतुबा, म्हणजे विवाहाचा करार, हाती आला की आधी नोंदणी अधिकाऱ्याकडे चौकशी करा. पुढे मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. परदेशातून घेतलेल्या वस्तूची पावती, एअरवे बिल आणि कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री वस्तूइतकंच जपा.

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या मालाला खास काळजी. तो विश्वस्त मंडळाचा असतो, झाडलोट करणाऱ्याचा किंवा एका सदस्याचा नव्हे. ठरावाची प्रत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. युरोपातल्या पुस्तकावर एखाद्या ज्यू संस्थेचा किंवा ग्रंथालयाचा शिक्का असेल तर 1933 ते 1945 दरम्यान ते कुठे होतं हे विकणाऱ्याला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर सौदा सोडा. हस्तलिखिताशी ताडून बघायला इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘क्तिव’ हे संकेतस्थळ मोफत आहे.

देवाचं नाव असलेली सुटी, कुजलेली पानं रद्दीत टाकू नयेत. ज्यू रिवाजाप्रमाणे ती जपून ठेवतात आणि पुढे पुरतात. ज्यांचं पुस्तक जुळत नाही अशी पानं वेगळ्या पाकिटात ठेवून, वर तारीख आणि कुठून आली ते लिहून, मुंबईच्या किंवा पुण्याच्या सिनेगॉगला आधी यादी पाठवा. ते हो म्हणाले की पाकीट हातानेच नेऊन द्या, कुरियरने नको.