बॅच फाइलमध्ये पूर्ण नावातून फक्त फोल्डर कसा काढायचा

बॅच फाइलला, म्हणजे विंडोजच्या कमांडांच्या स्क्रिप्टला, फाइलचा पूर्ण पत्ता मिळतो, पण आपल्याला हवा असतो फक्त तिचा फोल्डर. त्यासाठी उलट्या तिरप्या रेघा मोजत बसू नका. पहिल्या आर्ग्युमेंटसाठी (स्क्रिप्ट चालवताना तिच्या नावापुढे दिलेल्या पहिल्या मूल्यासाठी) %~डीपी१ लिहिलं की काम होतं (अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे). डी म्हणजे ड्राइव्ह, पी म्हणजे पाथ. एकऐवजी शून्य लिहिलं, तर बॅच फाइल स्वतः ज्या फोल्डरमध्ये आहे तो मिळतो. मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते, कारण स्क्रिप्ट कुठूनही चालवली तरी शेजारच्या फाइली सापडतात.

अडचण येते ती नाव सेट कमांडने ठेवलेल्या व्हेरिएबलमध्ये असेल तेव्हा. तिथे टिल्ड (~ हे चिन्ह) थेट चालत नाही. मग फॉर लूपमधून एक फेरी काढायची: कंसात ते व्हेरिएबल अवतरणचिन्हांसह द्यायचं, म्हणजे नावातल्या मोकळ्या जागांमुळे तुकडे पडत नाहीत, आणि आत %%~डीपीआय वाचायचं (इथे आय हे लूपचं व्हेरिएबल). ती फाइल डिस्कवर असायलाच हवी असंही नाही. अर्धवट नाव दिलं, तर चालू फोल्डर धरून पत्ता पूर्ण केला जातो.

उत्तराच्या शेवटी नेहमी उलटी तिरपी रेघ येते, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. रोबोकॉपी या फाइली कॉपी करणाऱ्या कमांडला असा पत्ता अवतरणात दिला, की ती रेघ शेवटच्या अवतरणचिन्हाला चिकटते आणि कमांड बिघडते. शेवटचं अक्षर कापण्यापेक्षा त्यापुढे एक टिंब जोडा. ड्राइव्हच्या मुळाशीही ते बिनचूक चालतं.