पासवर्ड बरोबर, तरी विंडोज लगेच साइन आउट होतं: माझा अनुभव

परळला मामांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथला विंडोज १० चा पीसी पासवर्ड घ्यायचा, 'वेलकम' दाखवायचा आणि लगेच 'साइनिंग आउट'. सेफ मोडमध्येही तेच. अँटीव्हायरसने एक व्हायरस काढल्यापासून हे सुरू झालं. स्टार्टअप रिपेअर दोनदा चालवलं. मागच्या चांगल्या स्थितीवर परत नेणारा रिस्टोअर पॉइंट नव्हताच. गिऱ्हाईक परत जाताना बघून जीव तुटायचा.

शेवटी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट केलं. भाषेच्या स्क्रीनवरच शिफ्ट+एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि 'रेजएडिट' (रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, उघडून बदलायचं साधन) चालवलं. समोर दिसते ती पेनड्राइव्हवरच्या विंडोजची रजिस्ट्री, आपली नव्हे. म्हणून 'एचकी लोकल मशीन' निवडून फाइल मेनूतून 'लोड हाइव्ह' केलं (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीचा एक भाग साठवणारी फाइल). फाइल आपल्या डिस्कवरची: विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग\सॉफ्टवेअर. आधी तिची कॉपी काढून ठेवा. हाइव्हला नाव काहीही द्या.

त्यात मायक्रोसॉफ्ट\विंडोज एनटी\करंटव्हर्जन\विनलॉगऑन इथे 'युजरइनिट' (साइन इन झाल्यावर कोणता प्रोग्राम चालवायचा, ते सांगणारी नोंद) उघडलं. व्हायरस गेला होता, पण त्याच्या फाइलचा पत्ता तसाच होता. तो पुसून लिहिलं:

सी:\विंडोज\सिस्टम३२\युजरइनिट.ईएक्सई,

(सगळं इंग्रजी अक्षरांत, शेवटच्या स्वल्पविरामासकट.) पेनड्राइव्हवरून बघताना आपली डिस्क 'डी' दिसत होती, तरी इथे 'सी'च हवं, कारण नेहमीच्या बूटला ती 'सी' असते. मग तोच हाइव्ह निवडून 'अनलोड हाइव्ह', पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट.

डेस्कटॉप आला. मामांनी आधी अडकलेल्या प्रिंट काढल्या.