परदेशी गेलेल्या बिशपचा अभ्यास: आधी पगार बघा

प्रबंधासाठी वसाहतकाळातला एखादा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, बिशप घ्यायचा विचार असेल, तर त्याच्या प्रवचनांचे खंड सुरुवातीला बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी शोधा: पगार कोण देत होतं आणि हद्द कुठवर होती. मी रेजिनाल्ड हेबर या कलकत्त्याच्या बिशपवर काम केलं. त्याचं निम्मं चरित्र या दोन प्रश्नांतच आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३च्या चार्टर अ‍ॅक्टमुळे (सनदेच्या कायद्यामुळे) कलकत्त्याला बिशप आला, आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई इथे एकेक आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाळक). बिशपला वर्षाला ५,००० पौंड, तेही कंपनीच्या महसुलातून. म्हणजे माणूस चर्चचा, सनद राजाची, पैसा कंपनीचा! पहिला बिशप मिडलटन इथल्या लोकांना पाळकपदाची दीक्षा द्यायला धजला नाही, कारण सनदेत तसा स्पष्ट अधिकारच नव्हता. चरित्रकार याला त्याचा सावध स्वभाव म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. १८२३च्या कायद्याने वाट मोकळी झाली, आणि पुढच्याच वर्षी हेबरने ख्रिश्चन डेव्हिड या तमिळ उपदेशकाला दीक्षा दिली. हेबर मनाने उदार होताच, पण कायदा वाचल्याशिवाय त्या उदारपणाचं माप कळत नाही.

आता नकाशा. सिलोन आणि ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्ससुद्धा कलकत्त्याच्याच धर्मप्रांतात, म्हणजे बिशपच्या हद्दीत! श्रॉपशरमधल्या हॉडनेट गावचा हा पाळक जून १८२४मध्ये कलकत्त्याहून नावेने निघाला तो ढाका, अल्मोडा, दिल्ली, राजपुताना, गुजरात करत एप्रिल १८२५मध्ये मुंबईला पोचला. त्याच मुक्कामात तो पुण्याला आला. लष्कर भागातलं सेंट मेरी चर्च त्यानेच अर्पण केलं. ३ एप्रिल १८२६ला त्रिचनापल्लीत, दृढीकरणाचा (बाप्तिस्मा झालेल्यांचा विश्वास पक्का करण्याचा) विधी आटोपून तो स्नानाच्या हौदात उतरला आणि तिथेच गेला. वय ४२. पुढे मद्रास १८३५मध्ये, ऑस्ट्रेलिया १८३६मध्ये आणि मुंबई १८३७मध्ये कलकत्त्यापासून वेगळे धर्मप्रांत झाले. मुंबईचा पहिला बिशप थॉमस कार इथेच चॅप्लन (नेमणुकीवरचा पाळक) आणि आर्चडीकन राहिलेला, त्यामुळे त्याची वाटचाल हेबरहून अगदी निराळी. तुलनेला उत्तम जोडी आहे.

हेबरची रोजनिशी जरूर वाचा, पण ती त्याच्या मृत्यूनंतर, १८२८मध्ये, पत्नी अमेलियाने छापली हे विसरू नका. पत्रं सोबत ठेवून वाचली तर बरं.

कागद चाळताना सहीकडे लक्ष द्या. बिशप आडनाव लिहीत नाहीत. हेबर 'रेजिनाल्ड कलकत्ता' अशी सही करी. सूचीत नुसतं आडनाव शोधाल तर बरंच निसटेल. आणि 'ज्ञानोदया'चे अंक अँग्लिकन साधन म्हणून वापरू नका. ते अमेरिकन मराठी मिशनचं पत्र, आणि त्या मंडळींत बिशपच नव्हते.