घरट्यावरून ओळखा गांधीलमाशी
खिडकीच्या चौकटीत मातीचे घरटे लिंपणारी कुंभारीण एकटी राहते आणि सहसा डसत नाही, म्हणून तिला तिचे काम करू द्यावे. वळचणीला देठावर लोंबणारे, उघड्या षटकोनी घरांचे कागदी पोळे साध्या गांधीलमाश्यांचे असते. मात्र झाडावरचे घरटे कागदी आवरणाने झाकलेले असेल आणि एखाद्या भोकातून ये-जा करणाऱ्या, सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीच्या काळपट माशीच्या पोटावर रुंद पिवळा पट्टा दिसला, तर ती मोठी जात समजून, धूर किंवा दगडांच्या फंदात न पडता, ते काढण्याचे काम जाणकारांवर सोपवावे. मधमाशीसारखी हिची नांगी जखमेत तुटून राहत नसल्याने एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. डंखानंतर चेहरा सुजला किंवा श्वास अडखळू लागला, तर चुना लावत बसण्याऐवजी तत्काळ रुग्णालय गाठावे.